झीज

इमारत ताब्यात द्यायची वेळ आली की थोरली ती एकदा एकटीने पायाखालून घालायची. बरोबर कुणी नको, हातात फोन नको. नळ सोडून बघायचे, खिडक्या उघडून लावून बघायच्या, जमिनीवर पाण्याचा थेंब टाकून तो कुठे पळतो ते वाकून न्याहाळायचं. आयुष्यभर तिने हेच केलं होतं. भलेभले कंत्राटदार तिच्या त्या फेरीला वचकून असत.

थोरली आणि धाकटा ही त्या बहीणभावांना धंद्यातच पडलेली नावं. थोरली आराखडे काढायची, धाकटा ते लोकांच्या गळी उतरवायचा. तिला चार माणसांत बोलताना शब्द सापडत नसत आणि त्याला सरळ रेघ ओढता येत नसे, त्यामुळे दोघांचं जमून गेलं होतं. निदान सुरुवातीला जमलं होतं. पुढे पुढे धाकटा सभांमधून 'आम्ही बांधलं' असं म्हणायच्या ऐवजी 'मी बांधलं' म्हणू लागला. थोरलीने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. एकदा केलं, दुसऱ्यांदा केलं, मग तिला त्याची सवयच झाली. पण आत कुठेतरी ते साचत राहिलं.

ही इमारत मात्र तिच्या जिवाचा तुकडा होती. समुद्राला लागून असलेली ती जागा नव्याने धंदा सुरू करणाऱ्या पोरांसाठी राखलेली होती. ज्यांच्याकडे एक कल्पना, एक लॅपटॉप आणि दोन मित्र याखेरीज काही नाही, अशांना तिथे टेबल मिळणार होतं. इमारतीने वीज कमी खावी, खारा वारा सोसावा आणि भरतीच्या पाण्याला घाबरू नये, एवढीच अट होती. थोरलीने सगळी वास्तू खांबांवर उचलून घेतली. भिंती दाबून केलेल्या मातीच्या विटांच्या, जमीन आणि जिने घोटलेल्या चुन्याचे. समुद्राकडून वारा खालच्या झडपांतून आत यायचा, दालनांतून फिरायचा आणि छताजवळच्या फटींतून निघून जायचा. पंखा लावायची गरज नव्हती. धाकट्याने छापून आणलं होतं की ही शंभर वर्षं टिकणारी इमारत आहे. या वेळी तो खोटं बोलत नव्हता.

तर त्या सकाळी थोरली जिना चढत होती. अर्ध्या वाटेवर तिचा पाय किंचित खाली गेला.

तिने खाली वाकून पायरीवरून हात फिरवला. पायरीच्या मधोमध उथळ खळगा होता. कठड्याच्या बाजूला जास्त, भिंतीकडे कमी. जुन्या कचेऱ्यांमधून पिढ्यान्‌पिढ्या माणसं चढून उतरून पायऱ्या जशा झिजतात, अगदी तसा. आणि हा जिना तयार होऊन पुरता एक पावसाळाही झाला नव्हता.

तिने कंत्राटदाराला बोलावून घेतलं. तो जुना माणूस होता, तिच्याबरोबर बरीच कामं केलेला, आणि स्वतःच्या कामाबद्दल मानी. पायरी बघून त्याचा चेहरा पडला. ओल्या चुन्यावर कुणीतरी चढलं असेल, तो म्हणाला. त्याने ती पायरी उखडून नवी घातली, स्वतः समोर उभा राहून घोटून घेतली, वर फळ्या टाकल्या. फळ्या काढल्या तेव्हा खळगा होता त्याच जागी होता.

मग तिला एकेक गोष्ट दिसू लागली.

वरच्या मजल्यावर दालनांमधला बोळ जिथे वळतो, तिथला भिंतीचा कोपरा खांद्याच्या उंचीला काळपट आणि गुळगुळीत झाला होता. येणाजाणाऱ्यांचे खांदे वर्षानुवर्षं घासले की होतो तसा. तिने नाक जवळ नेऊन वास घेतला. घामाचा, तेलाचा कसलाच वास नव्हता, नुसता मिठाचा आणि ओल्या मातीचा. दारांच्या पितळी मुठी अजून कागदात गुंडाळलेल्या होत्या. तिने एक कागद सोडला. आतली मूठ एका बाजूने झिजून पातळ झाली होती, धरणाऱ्याच्या अंगठ्याची जागासुद्धा पडली होती.

आणि समुद्राकडच्या मोठ्या दालनात, शेवटच्या खिडकीखाली, जमिनीत दोन खळगे होते. शेजारी शेजारी, पावलांएवढे. रोज एकाच जागी कुणी उभं राहावं तसे. थोरलीने त्यांत पाय ठेवून बघितले आणि चटकन काढून घेतले. पाय नीट बसत होते, त्याचं तिला एवढं वाटलं नाही. पण टाचा खिडकीकडे होत्या. ज्या कुणी ती जमीन झिजवली होती, ते समुद्राकडे पाठ करून, आत बघत उभं राहत होतं.

थोरली काही भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांतली नव्हती. चुना कच्चा राहिला असेल, वाळूत खार जास्त असेल, वाऱ्याबरोबर येणारे कण भिंत खरवडत असतील, अशी कारणं तिने एकामागून एक काढली आणि एकामागून एक तपासून टाकून दिली. वारा भिंत खरवडतो हे खरं. पण कागदात गुंडाळलेल्या पितळेवर अंगठा उमटवत नाही.

एका संध्याकाळी सगळे मजूर खाली उतरल्यावर तिने आणि कंत्राटदाराने जिन्यावर आणि दालनांत बारीक चाळलेल्या चुन्याची भुकटी पसरली. मांजर चाललं असतं तरी ठसा उमटला असता. दारांना कुलपं घालून किल्ल्या तिने स्वतःच्या पर्समध्ये टाकल्या.

सकाळी दार उघडलं तेव्हा भुकटी जशीच्या तशी होती. एक बोट उमटलेलं नव्हतं, किड्याची रेघसुद्धा नव्हती. फक्त खिडकीखाली ती खाली गेली होती. न मोडता, न विस्कटता, पांढरी साय बसावी तशी ती त्या दोन खळग्यांत खाली बसली होती. खळगे आदल्या दिवसापेक्षा खोल झाले होते.

कंत्राटदाराने खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं आणि म्हणाला, "बाई, माझं काम संपलं. मी आता यात हात घालणार नाही." त्यानंतर तो तिथे फिरकला नाही. हिशेबालासुद्धा त्याने मुलाला पाठवलं.

थोरली धाकट्याकडे गेली. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं, हे तिला नंतरही कबूल करावं लागायचं. मग तो म्हणाला की चुना हे तुझंच खूळ. सगळे सिमेंट घाला म्हणत होते, तू ऐकलं नाहीस. आता झिजलाय म्हणून गावभर सांगायचं असेल तर सांग, पण मग जन्मभर जे सांगत आलीस त्यावर लोक हसतील, आणि माझ्यावर नाही, तुझ्यावर हसतील.

"आणि झिजलं नसेल तर?" थोरली म्हणाली. "दुसरंच काही असेल तर?"

"दुसरं म्हणजे काय, ताई? ते सांगून बघ एकदा मोठ्यांदा. स्वतःच्या कानांनी ऐक."

थोरलीला सांगण्यासारखं वाक्य सापडेना. भाऊ कुत्सितपणे हसला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो हसला नाही. त्याने तिच्यासाठी पाणी मागवलं.

इमारत ठरल्या दिवशी उघडली.

पोरं आली. कुणी मच्छीमारांना हवामान सांगणारं ॲप काढत होतं, कुणी खाऱ्या पाण्यावर चालणारे दिवे बनवत होतं. सगळ्यांना जागा फार आवडली. नवी असून जुन्यासारखी वाटते, म्हणाली. झिजलेल्या पायऱ्यांचे फोटो काढले. धाकट्याला त्याचं श्रेयही मिळून गेलं, की पहिल्या दिवसापासून ओळखीची वाटावी म्हणून त्याने मुद्दाम तसं करवून घेतलं. थोरली एका बाजूला उभी राहून बघत होती. पोरं वर गेली ती बोळाच्या वळणावर खांदा घासतच गेली. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, पण प्रत्येकाचा खांदा बरोबर त्या काळ्या जागेवर टेकत होता.

त्या पोरांत भिंगरी होती. धाकट्याची मुलगी, थोरलीची भाची. हे नाव थोरलीनेच पाडलेलं. लहानपणी ही पोर एका जागी बसेल तर शपथ. थोरलीच्या आराखड्याच्या टेबलावर नाचता नाचता खाली पडली होती, हनुवटीला टाके घालावे लागले होते. मोठी झाली तरी तशीच. बोलायला फटकळ, बापाशी रोज एक भांडण, आणि आत्याशी मात्र गुळपीठ. थोरलीला स्वतःचं मूल नव्हतं. या पोरीने ती उणीव कधी जाणवू दिली नव्हती. समुद्री शेवाळापासून पिशव्या करायच्या, म्हणजे प्लास्टिक नको, असं भिंगरीच्या डोक्यात होतं. तिने आणि तिच्या दोन मैत्रिणींनी शेवटच्या खिडकीशी टेबल घेतलं.

थोरलीने तिला जागा बदलून घ्यायला सांगितलं. ऊन येतं, वारा फार लागतो, असं काहीबाही कारण दिलं. भिंगरी हसली. "आत्या, अख्ख्या इमारतीत हीच जागा सगळ्यात भारी आहे. काढलीस पण तूच आणि आता बसू पण देत नाहीस?"

दिवस गेले. थोरली काही ना काही निमित्त काढून तिथे जायची. झीज थांबली होती. तिला हायसं वाटलं. पुढच्या खेपेला तिला वाटलं, पायरीचा खळगा थोडा उथळ झालाय. तिने पिशवीतून पाणसळ काढून पायरीवर ठेवली आणि मनाशी नोंद घेतली. पुढच्या महिन्यात पाणसळीतला बुडबुडा आणखी मधे सरकला होता. चुना हवेतली ओल पिऊन आपल्या बारीक भेगा आपणच बुजवतो, हे तिला ठाऊक होतं. खळगे बुजवत नाही, हेही ठाऊक होतं. पण आपलं काम सावरतंय असं दिसल्यावर कुणाला बरं वाटणार नाही. त्या दिवशी घरी जाताना तिने कित्येक महिन्यांनी गाणं गुणगुणलं.

त्यानंतर दारावरचं अंगठ्याचं मशीन बिघडलं.

आधी एकाचाच अंगठा घेईना. मग आणखी काहींचा. सकाळी दारात रांग लागायला लागली. पोरं अंगठा पुसून, फुंकर मारून पुन्हा पुन्हा लावत आणि मशीन लाल दिवा दाखवत राही. मशीनवाला येऊन गेला, नवं मशीन बसवलं. नव्यानेही तेच केलं. शेवटी पहारेकऱ्याने दार उघडंच ठेवलं आणि तोंड बघून सोडायला लागला. धाकट्याने हा किस्सा दोन-तीन ठिकाणी विनोद म्हणून सांगितला, की आमच्या इमारतीला माणसं इतकी ओळखीची झालीत की मशीनची गरजच उरली नाही.

"बघ ना," भिंगरीने एका रविवारी आत्यापुढे दोन्ही हात पसरले. "पुसून गेलेत."

थोरलीने चष्मा लावला. बोटांची टोकं कोरी होती. शंख नाही, चक्र नाही, रेघ नाही. पाण्याने घासून काढलेल्या गोट्यासारखी. तिने भाचीला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले की गवंड्यांची अशी होतात, धुणीभांडी करणाऱ्या बायकांची होतात, आणि फार म्हाताऱ्या माणसांची होतात. शेवाळाला काय काय रसायनं लावता, असं त्यांनी विचारलं आणि मलम लिहून दिलं. भिंगरी नुसती मान डोलवत होती.

बाहेर आल्यावर थोरलीच्या ध्यानात आलं की तपासायच्या खोलीत ती पोर सगळा वेळ एका जागी बसून होती. पाय हलवला नव्हता की खुर्ची फिरवली नव्हती.

तिथून पुढे तिला ते रोज दिसू लागलं. भिंगरी बापाशी भांडेनाशी झाली. काही विचारलं की बरं म्हणायची. कुणी पुढे घुसलं तर बाजूला व्हायची. तिच्या बोलण्याला कडा उरल्या नव्हत्या. मैत्रिणींचंही तेच. त्या तिघी शेजारी उभ्या राहिल्या की थोरलीला क्षणभर आपली कुठली ते ओळखावं लागे.

शेवाळाच्या पिशव्या झाल्या नव्हत्या. कुणाचंच काही झालं नव्हतं. पण कुणी सोडूनही गेलं नव्हतं. दुसरीकडे अशा जागांमधली निम्मी पोरं वर्षाच्या आत गाशा गुंडाळतात, इथे एकही टेबल रिकामं झालं नाही, हे धाकटा छाती फुगवून सांगायचा.

एका दुपारी थोरली तिला न्यायलाच गेली.

जिन्याच्या पायऱ्या सरळ होत्या. कडा अशा धारदार, की कालच साच्यातून काढल्यात. वळणावरची भिंत स्वच्छ, मातीच्या रंगाची. दारांच्या मुठी जाड, गोल. थोरलीने एका मुठीवर हात ठेवला आणि काढून घेतला.

दालन भरलेलं होतं. सगळे आपापल्या जागी. कळफलकांचा आवाज येत नव्हता, बोटं मात्र हलत होती. वारा झडपांतून येत होता आणि छताकडे निघून जात होता.

खिडकीखालची जमीन सपाट होती. तिच्यात खिडकीचं प्रतिबिंब पडलं होतं.

"चल," थोरली म्हणाली. "घरी चल माझ्याबरोबर. राहायलाच चल."

"येते की," भिंगरी म्हणाली. "एवढं झालं की येते."

"एवढं म्हणजे किती?"

भिंगरीने विचार केल्यासारखं केलं. मग ती हसली. "मला इथं बरं वाटतं, आत्या. कुठं काही टोचत नाही."

थोरलीने तिची हनुवटी धरून तोंड वर केलं, लहानपणी धरायची तसंच. तिचा अंगठा टाक्यांच्या जागेवर गेला. मग थोडा अलीकडे, थोडा पलीकडे.

तिथे काही नव्हतं.

तिने भाचीचं मनगट धरून ओढलं. ते हातातून सुटलं, भिजल्या साबणासारखं. भिंगरी ओरडली नाही, रागावलीही नाही. ती परत खुर्चीत बसली. आजूबाजूच्या कुणीही मान वर केली नाही.

त्याच दिवशी थोरली धाकट्याच्या दारात उभी राहिली. इमारत बंद कर, म्हणाली. मी काढलीय, मीच सांगते, बंद कर. निदान पोरीला बाहेर काढ, तुझी मुलगी आहे.

धाकटा दमलेला दिसत होता. "जन्मात पहिल्यांदा माझी मुलगी शांत झालीय," तो म्हणाला. "माझ्याशेजारी बसून जेवते, उलटून बोलत नाही. तुला ते बघवत नाही का, ताई? का ती आता तुझ्याकडे धावत येत नाही, ते बघवत नाही?"

त्यात थोडं खरं होतं, आणि धाकट्याला ते ठाऊक होतं. इतक्या वर्षांत भाऊ तिला इतकं नेमकं कधीच बोलला नव्हता. ती पायऱ्या उतरून खाली आली, आणि दोघांचं बोलणं तिथे संपलं.

इमारतीला बक्षीस मिळालं तेव्हा बोलावणं आलं. थोरली जाणार नव्हती. भिंगरी दिसेल म्हणून गेली.

समारंभ तिथेच, मोठ्या दालनात, सकाळी होता. परीक्षक फिरून आले होते. त्यांच्यातला सर्वांत वयस्कर गृहस्थ, काठी टेकत चालणारा, पुन्हा पुन्हा तेच सांगत होता, की रोज इतकी माणसं वावरतात, समोर खारा समुद्र आहे, आणि इमारतीवर एक ओरखडा नाही. टिकाऊ हा शब्द आम्ही फार ऐकतो, तो म्हणाला, डोळ्यांनी आज पाहिला. त्याने थोरलीचा हात हातात घेतला. सुरकुतलेला, खरखरीत, थरथरता हात. तो सोडावा असं तिला वाटेना.

मग धाकटा बोलायला उभा राहिला. तो काय बोलणार ते तिला पाठ होतं. पण त्याने हातातला कागद घडी करून खिशात ठेवला.

"ही इमारत मी बांधलेली नाही," तो म्हणाला. "ही माझ्या ताईची आहे. हिच्यातली रेघन्‌रेघ तिची आहे. हे मी फार आधी सांगायला हवं होतं."

सगळे वळून तिच्याकडे बघू लागले.

हेच ऐकायला ती आयुष्यभर थांबली होती. कधीतरी हे वाक्य आलं तर आपण काय करू, हेसुद्धा तिने मनात अनेकदा ठरवून ठेवलं होतं. आता ते आलं होतं, आणि परत करता येत नव्हतं. तिने मान हलवली, नाही म्हणून. लोकांना तो विनय वाटला.

पोरं उठून उभी राहिली. भिंगरी पहिल्या रांगेत होती. तिचा चेहरा प्रसन्न होता, शेजारणीच्या चेहऱ्यासारखाच.

त्या सगळ्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. शे-दीडशे हात, छातीशी धरलेले, मनापासून, भराभर, आवाज न करता एकमेकांवर येत होते.

थोरली उभी होती, आणि टाळ्या थांबेपर्यंत तिला खालचा समुद्र स्पष्ट ऐकू येत होता.